उजेड जाऊ दे, तूप न्हाई

बटरमामा कागद गालाला लावून विकत घ्यायचे. कापडदुकानात नवरीची आई शालू जशी डोळे मिटून गालावर फिरवते, तसा हा सहा फुटी माणूस माझ्या रामनगरच्या किराणा दुकानात बटर पेपरचा ताव गालावर फिरवायचा. गुळगुळीत लागला की पुढची परीक्षा. ताव उन्हाकडं धरायचा, मागं पाची बोटं पसरायची, आणि बोटं धूसर का होईना पण दिसली पाहिजेत. मग माझ्याच डब्यातलं बोटभर तूप मला न विचारता कागदावर ठेवायचं, खाली आपला तळहात धरायचा आणि गप्पा मारत बसायचं. गप्पा संपेपर्यंत तळहात कोरडा राहिला तर कागद पास. ह्या गप्पा इतक्या लांबायच्या की मी घरी जाऊन, जेवून, वामकुक्षी करून परत आलो तरी मामा तसेच. तळहातावर कागद, कागदावर तूप, आणि समोर ऐकायला माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी. उठताना मात्र ठरलेलं वाक्य यायचं, "उजेड जाऊ दे, तूप न्हाई. कागद असा पायजे, सावकार."

आमच्या भागात दुकानदाराला सावकार म्हणायची पद्धत आहे म्हणून मी सावकार. नाहीतर माझ्या गल्ल्यात डोकावून मला सावकार म्हणायला फार धाडस लागतं.

मामा नंदिगड्ड्याचे. थोडं भात, बाकी जंगल, आणि धंदा आचाऱ्याचा. त्यांच्या बुंदीच्या लाडवाची कीर्ती अशी की जोयडा तालुक्यात लग्न ठरवताना आधी मामांची तारीख बघत, मग पंचांग. काही लग्नं तर मामा मोकळे आहेत एवढ्याच कारणावरून जमली, असं म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण मला कुणी खोडून काढलेलं नाही. उजव्या हातात झारा, डाव्या काखेत बटर पेपरची गुंडाळी, असे ते लग्नघरी अवतरायचे. कुळगीच्या बाजूला एका नवख्या वनरक्षकानं ती गुंडाळी लांबून बघून बंदूक समजून त्यांना अडवलं होतं. मामांनी तिथंच रस्त्यात ताव पसरला, त्यावर एक लाडू ठेवला आणि म्हणाले, "खा. ह्याच गोळ्या हायत आमच्या." तो वनरक्षक पुढं बदली होऊन गेला तरी लग्नसराईत रजा काढून यायचा.

एवढं कागदाचं वेड कशापायी, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं बस कमी. कुंभारवाड्याचं लग्न उरकलं आणि बस चुकली की पाहुणा खिशात लाडू घालून जंगलातनं चालत निघतो. पूर्वी हा लाडू वर्तमानपत्रात बांधून द्यायचे. दोन फर्लांग जाईपर्यंत तूप कागदातनं शर्टात, शर्टातनं बंडीत, आणि वास जंगलभर. आणि आमच्या जंगलात अस्वलं आहेत. एका वऱ्हाड्याच्या मागं म्हणे अस्वल अख्खा डोंगर उतरून आलं आणि त्याच्या अंगणात आहेर मागितल्यासारखं बसून राहिलं. शिवाय वर्तमानपत्राची शाई लाडवावर उमटायची. एकानं तर निवडणुकीचा निकाल खाल्ला आणि पाच वर्षं त्याला ढेकर येत होते.

मामांनी ही रीत मोडली. प्रत्येक लाडू बटर पेपरच्या चौकोनात, वरून दोन पिळे, खाली बूड चपटं. तूप आतल्या आत, वास आतल्या आत, आणि बाहेरून लाडू धुक्यातल्या चंद्रासारखा दिसतोय. "झाकायचं न्हाई काय," मामा म्हणायचे, "पण सांडायचं बी न्हाई." तेव्हापासून आमच्या तालुक्यात वऱ्हाडाच्या मागं अस्वल आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अस्वलांची काय उपासमार झाली असेल ती असो.

कापून उरलेले तुकडे मामा कधी टाकत नसत. कुंभारवाड्याच्या वस्त्या जंगलात विखुरलेल्या, खिडक्यांना काचा कुठल्या? मामा ज्या घरी लग्नाला जात त्या घराच्या खिडक्यांना जाताना बटर पेपर डकवून जात. उजेड आत, धुकं बाहेर. फणसाचे पापड त्यावरच वाळायचे, पोरं त्यावर नकाशे उतरवायची, आणि लग्नातली करवली कंगव्याला तो कागद लावून तोंडानं अशी वाजवायची की बँडवाला आपला ताशा खाली ठेवून ऐकत बसे. मामांचा आहेरही कागदाचाच. फोटोंच्या आल्बमच्या मापानं तुकडे कापून नवरीच्या हातात द्यायचे. "दोन फोटोंच्या मधी एक घाल गो बाय." कारण आमचा पाऊस. चार महिने तो एवढा मुरतो की आल्बम उघडावा तर नवऱ्याचं तोंड दुसऱ्याच बाईच्या गालाला चिकटलेलं. किती संसार मामांच्या ह्या कागदानं वाचवले याची मोजदाद नाही.

माणसं पारखायलाही त्यांना हाच कागद पुरायचा. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मामांना विचारत, मुलगा कसा? मामा लग्नाच्या पंगतीत त्याला वाढून आलेले असायचे. म्हणायचे, "बरा हाय. उजेड पलीकडं जातोय." किंवा नुसतेच तळहात पुसायचे. तळहात पुसले की ते स्थळ मोडलंच. माझ्याविषयी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू? तू मेणकागद. चकाकतोस लई, चुलीजवळ नेला की वितळतोस."

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि तेच पुढं उपयोगी पडणार आहे. पावसाळ्यात बांधलेल्या लाडवाचा कागद ओल धरून दुधाळ होतो, आतलं काही दिसेनासं होतं. एका लग्नघरात एकानं असा लाडू बघून नाक मुरडलं आणि उकिरड्याकडं हात नेला. मामा चुलीवरची काहील सोडून धावले. "अरं, कागद खराब झालाय, लाडू न्हवं! कागद काढ, नवा घाल! लाडू टाकणारा तू कोण?" त्या माणसाला मामांनी नवा कागद घालून तो लाडू स्वतःच्या हातानं भरवला. पुढं लग्नघराघरात ही म्हण झाली. जुन्या माणसाला कुणी घालून पाडून बोललं की म्हातारी माणसं म्हणत, कागद काढा, लाडू टाकू नका.

अशा ह्या मामांचे लाडू तीन-चार वर्षांपूर्वी बिघडू लागले. चवीला नाही, मापाला. पूर्वी एक लाडू घ्या की दुसरा घ्या, सोनाराच्या तराजूत घालावेत. आता एका ताटात लिंबाएवढा, त्याच्या शेजारी नारळाएवढा. लहान पोरांना लिंबं जायची, मानकऱ्यांना नारळ, आणि कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. बोलणार काय? ज्या माणसानं तुमच्या आईच्या लग्नाचे लाडू वळले त्याला कोण सांगणार की मामा, तुमच्या हातातलं माप गेलं? दुकानात ताव उन्हाकडं धरायचे तेव्हा मामा आता बोटं पसरत नव्हते. नुसतं म्हणायचे, "बरा असंल." मला ते विचित्र वाटायचं, पण मी गिऱ्हाइकाला खोदून विचारणाऱ्यातला नव्हे.

मग कुंभारवाड्याच्या धोंडूआप्पांच्या पुतणीचं लग्न आलं.

धोंडूआप्पा म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगतो. अंगानं एवढे अवाढव्य की ते बसमध्ये चढले की बस त्यांच्या बाजूला वाकून नमस्कार करते. रंग काळा, खांद्यावर कायम काळी घोंगडी, चालताना श्वास असा की आधी श्वास येतो, मग आप्पा. आणि लाडू उपटण्यात पटाईत. मागच्या दारानं यायचं, न बोलता उभं राहायचं आणि मामांनी वैतागून एक हातावर ठेवला की निघून जायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मामा घरामागच्या मांडवात लाडू वळत होते. मांडव संपतो तिथंच जंगल सुरू होतं. मी तूप पोचवायला गेलो होतो. फोटोवाला रिकामपणी फोटो काढत हिंडत होता. मामी, म्हणजे मामांची बायको, कागदाचे चौकोन कापत बसली होती. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूला मोठ्ठा काळा आकार येऊन उभा राहिला. श्वास असा की चुलीतली राख उडाली.

मामांनी मान वर केली. "आलास? वास आला न्हवं लगीच?"

मी बघितलं आणि माझ्या पायातला जीव तोंडात आला. गवा होता. छाती माझ्या दुकानाच्या दाराएवढी, शिंगं आभाळाला टेकलेली. मी तुपाच्या डब्यावर, डब्यावरनं साखरेच्या पोत्यावर, पोत्यावरनं मांडवाच्या आढ्याला कसा पोचलो ते मला आजही सांगता येत नाही. फोटोवाल्याचं म्हणाल तर पुढं आल्बममध्ये त्या वेळचा एकच फोटो सापडला, त्यात त्याची स्वतःची चप्पल आहे, हवेत.

मामा उठले. बटर पेपरचा चौकोन तळहातावर घेतला, त्यावर लाडू ठेवला आणि थेट गव्याच्या तोंडापुढं हात केला. "घे. एकच. पाव्हण्यांना पुरायला पायजेत."

मामी दगड झाली होती. कात्री हातात तशीच.

गव्यानं मान खाली घातली, हुंगलं, लांबलचक जीभ काढली आणि लाडू उचलला. मग कागद चाटला. मामांनी दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "तेल घालत जा की डोस्क्याला, धोंडू. केसं बघ कशी राठ झाल्यात. बायको बघती का न्हाई तुझी?" मग कागद उलटा करून तळहात चाचपला आणि आढ्याकडं न बघता मला म्हणाले, "बघ सावकार, एक थेंब खाली न्हाई. चांगला दिलास ह्या येळंला."

आणि त्याच क्षणी घराच्या पुढच्या दारातनं खरेखुरे धोंडूआप्पा आले. "मामा, मला हाक मारलीसा काय?"

मामांचा हात गव्याच्या कपाळावर होता. आवाज पाठीमागनं आला होता. तो हात तिथंच राहिला. मी आढ्यावरनं बघत होतो, मला मामांचा चेहरा दिसत होता. भीती नव्हती त्यात. कुणीतरी आपल्याच घराचं दार बाहेरून लावून घेतल्यावर जसा चेहरा होतो, तसा झाला होता.

"मग ह्यो कोण?" मामा हळूच म्हणाले.

"हात काढा," मामी म्हणाली, "हळू. मागं या. मी हाय हितं."

गव्याला लग्नात रस नव्हता. तो वळला, फुस्स केलं आणि रानात निघून गेला. पाठोपाठ सगळा मांडव हसला. जो तो हसून लोळत होता. भीती गेली की माणूस असाच हसतो. मामा हसले नाहीत. चुलीसमोर बसले आणि म्हणाले, "दीड-दोन वर्सं झाली. डोळ्यावर बटर पेपर बसलाय रं. उजेड येतोय. माणूस न्हाई येत."

झालं. हे वाक्य धोंडूआप्पांच्या बायकोनं, पुतळाअक्कानं, ऐकलं. पुतळाअक्का म्हणजे कुंभारवाड्याचं आकाशवाणी केंद्र. अक्षता पडायच्या आत बातमी वस्त्यांवस्त्यांत पोचली: मामांनी जन्मभर बटर पेपरातनं बघितलं, शेवटी पेपर डोळ्यात गेला. आणि जो पेपर मामांच्या डोळ्यात गेला तोच आपल्या खिडक्यांना आहे! आठवड्याच्या आत कुंभारवाड्यानं खिडक्यांचे कागद टराटरा फाडले. पोरांनी कंगवे धुतले. फणसाचे पापड पुन्हा वर्तमानपत्रावर गेले. थंडीचे दिवस; धुकं खिडकीतनं आत येऊन माणसांच्या पांघरुणात झोपू लागलं. अख्खी वस्ती शिंकत होती, पण कागद लावायला कुणी तयार नाही. माझ्या दुकानात पेपरचा गठ्ठा धूळ खात पडला, आणि एक गिऱ्हाईक तर त्याच्याजवळनं जाताना डोळ्यांवर पदर ओढून गेलं.

मी नंदिगड्ड्याला गेलो. मामा ओसरीवर बसले होते, काख रिकामी. रिकाम्या काखेचे मामा मी पहिल्यांदा बघत होतो.

"मामा, मी डाक्टरला इचारलं, मोतीबिंदू हाय. बेळगावला जाऊ. अर्ध्या तासाचं काम."

"न्हाई."

"घाबरताय काय?"

"घाबरतोय व्हय," मामा म्हणाले. "डोळा म्हंजे अंड्यागत. टोचला अन् व्हावला तर? आता निदान उजेड तरी हाय. काहील कुठं, चूल कुठं, कळतंय. त्यो बी गेला तर मी कोण? कोपऱ्यात बसवलेलं पोतं." मग आवाज खाली करून म्हणाले, "अन् दुसरं. डाक्टर डोळ्यातनं काय तरी काढणार. गाव म्हणंल, बघा, पेपरच निघाला. ज्या कागदानं मला पोसलं त्येचं नाव मी कशाला खराब करू?"

मी बरंच बोललो. मी बोलायला लागलो की झाडावरची माकडं उतरून ऐकतात, पण मामा हलले नाहीत. आतनं मामी आली. मामी मोजकं बोलणारी. तिच्या हातात पावसाळ्यापासून डब्यात राहिलेला एक बांधलेला लाडू होता. कागद ओलीनं पांढरा फटक झालेला. तिनं तो मामांच्या हातात दिला.

"हे काय हाय?"

मामांनी चाचपलं. "लाडू. माझाच."

"दिसतोय काय?"

"मला काय दिसतंय? डोळंवाल्याला इचार."

मी म्हणालो, "मलाबी दिसत न्हाई मामा. कागद पार दुधागत झालाय."

"मग," मामी म्हणाली, "टाकू उकिरड्यावर?"

मामा भडकले. "लाडू कशाला टाकतीस? कागद काढ, नवा..."

आणि थांबले.

"डाक्टर बी तेच म्हणतोय," मामी म्हणाली. "जुना काढायचा. नवा घालायचा. तुम्हाला कुणी टाकत न्हाई."

मामा त्या लाडवाचे पिळे उलगडत बसले. उलगडला, वास घेतला, अर्धा मामीला दिला. "बुंदी अजून मऊ हाय," म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "बेळगावची बस किती वाजता हाय रं?"

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरणी पोर, मामांना अज्जा अज्जा, म्हणजे कन्नडात आजोबा, म्हणत होती. मामांना ते आवडलं नव्हतं, पण डोळा तिच्या हातात होता. "अज्जा, घाबरायचं न्हाई," ती म्हणाली. मामा म्हणाले, "मी गव्याला लाडू भरवलाय." तिला वाटलं भूल चढली.

आधी उजवा डोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी, ज्याला सगळा तालुका बडबड्या म्हणतो, तो भिंतीवरच्या पालीकडं बघत होतो. पट्टी निघाली. मामांनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"अज्जा, दिसतंय काय?"

मामांनी माझ्याकडं हात पसरला. "ताव दे." निघतानाच त्यांनी एक ताव मला सोबत घ्यायला लावला होता. मी दिला. त्यांनी तो खिडकीकडं धरला, मागं डाव्या हाताची बोटं पसरली. बघितलं. मग कागद हळूच खाली घेतला आणि नुसत्या हाताकडं बघत राहिले. हात उलटा केला, सुलटा केला. चुलीनं भाजलेले डाग होते त्यावर, जुने. मधल्या दोन वर्षांतले नवेही होते. ते मामा पहिल्यांदा बघत होते.

"पाची हायत," मामा म्हणाले.

मामी पिशवीत काहीतरी शोधायला लागली. त्या पिशवीत काही नव्हतं. मी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाची चादर उडाली.

मग मामा कामाला लागले. "डाक्टर, काढलं ते काय हुतं? कागद हुता काय?"

"अज्जा, डोळ्याच्या आत भिंग असतं. वय झालं की गढुळतं. सगळ्यांचं गढुळतं."

"बटर पेपरानं न्हाई?"

"बटर पेपरचा काय संबंध?"

"मोबाइलात बोला," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं बघून, "धर रं त्येचं तोंड त्यांच्याकडं. अन् पुतळाअक्काचं नाव घिऊन बोला."

बिचारी बोलली. हसू दाबत, मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा. कुंभारवाड्यात रेंज येते ती शाळेमागच्या एका धोंड्यावर. संध्याकाळी धोंडूआप्पा त्या धोंड्यावर चढले. धोंडा टिकला ही देवाची कृपा. आणि खाली उभ्या वस्तीला डॉक्टरीणबाईचा आवाज ऐकवला. "पुतळाअक्का, कागदामुळं डोळ्याला काही होत नाही." पुतळाअक्का म्हणाली, "मी कवा म्हणलं हुतं?" दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात कागदासाठी एवढी झुंबड उडाली की मी भाव वाढवणार होतो. पण मामा ओट्यावर बसले होते, आणि आता त्यांना माझा चेहरा दिसत होता.

दुसराही डोळा झाला. मग धोंडूआप्पांच्या पुतणीनं, म्हणजे त्या गव्याच्या लग्नातल्या नवरीनं, आल्बम घेऊन मामांना घरी बोलावलं. आत मामांनीच कापलेले कागद. मामांनी पहिलं पान उघडलं. कागदाखाली फोटो धूसर. "हे बघ," मामा मामीला म्हणाले, "हे असं दिसत हुतं मला. दोन वर्सं." मग कागद उचलला. नवरा-नवरी लख्ख. "अन् आता हे." मामी नुसती हं म्हणाली आणि तो कागद पुन्हा खाली ठेवून पुन्हा उचलून बघत राहिली, दोनदा, तीनदा.

चौथ्या पानावर लाडवाची परात होती. मामांनी कागद उचलला आणि वाकले. लिंबं, पेरू, नारळ, एक तर चक्क गोल नव्हताच.

"हे कुणी वळलं?"

घरात एवढी शांतता की चुलीवरच्या दुधालाही उतू जायचा संकोच वाटला.

"तुम्हीच," मामी म्हणाली.

मामांनी वर बघितलं. आम्ही सगळे होतो. धोंडूआप्पा, पुतळाअक्का, मी. "दोन वर्सं अशेच?"

"व्हय."

"अन् कुणी बोललं न्हाई?"

"बोलायचं काय त्यात?" धोंडूआप्पा म्हणाले. "मोठे मी खाल्ले. तुमचा डोळा बरा झाला हा माझाच तोटा."

मामा हसायला लागले. दिवाळीतल्या अनारासारखे आधी फुसफुसत, मग जोरात, मग डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. डॉक्टरीणबाईनं डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावलं होतं, म्हणून मामीनं पदरानं टिपले. परात मात्र त्यांनी नवरीकडनं मागून घेतली. फोटोतली परात, म्हणजे तो फोटोच. वर आपल्याच कागदाचा एक चौकोन घालून खिशात ठेवला. "तूप सांडू दिलं न्हाईसा कुणी," एवढंच म्हणाले.

पुढचा हंगाम मामांनी दणक्यात केला. लाडू पुन्हा सोनाराच्या मापाचे. पण डोळे आले तरी गुडघे नवे मिळाले नव्हते, आणि खानापुराकडच्या लेकीनं हट्ट धरला. मागच्या महिन्यात मामा-मामी तिच्याकडं राहायला गेले. झारा धोंडूआप्पांच्या पोराला दिला. कागदाची गुंडाळी मात्र काखेत होतीच. तिकडं खानापुरात काय कागद मिळतो कोण जाणे, असा त्यांचा संशय.

रामनगरच्या स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. मी भाषण तयार केलं होतं. आमच्या तालुक्यात गेल्या शंभर वर्षांत झालं नसेल असं निरोपाचं भाषण. पण ते सुरू करायला गेलो आणि नुसतं "जपून मामा" एवढंच निघालं. गाडीत मामा खिडकीशी बसले. सकाळचं धुकं, काचेवर वाफ धरलेली. आत नुसता एक आकार दिसत होता, मोठा, पांढऱ्या टोपीचा. गाडी सुरू झाली. मी हात हलवला. तेवढ्यात आतनं एका अंगठ्यानं काच पुसली, लाडवाएवढी गोल, आणि त्या गोलातनं मामांचा डोळा माझ्याकडं बघायला लागला. काच खाली सरकली.

"सावकार!" अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असे मामा ओरडले, "शर्टाची बटनं वर-खाली लागल्यात! दोन वर्सं असाच हिंडत हुतास काय रं?"

मी खाली बघितलं. लागली होती.

गाडी वळणाआड गेली. लोक हसत होते, मीही हसत होतो, आणि भर स्टँडवर उभा राहून, वरपासून खालपर्यंत, एकेक बटण काढून पुन्हा नीट लावत होतो.